निरोगी उपटली, आजारी वाटली: एका कर्दळीच्या वाफ्याचे प्रकरण

आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला लागून एक भिंत आहे. तिच्याकडे कोणी बघू नये असे सगळ्यांनाच वाटायचे. जून २०२२ मध्ये बाग समितीने तिच्या पायथ्याशी १८ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद वाफा खणला आणि कर्दळ लावायचे ठरवले. निर्णय चांगलाच होता. कर्दळीला ऊन लागते, पाणी लागते, आणि पाय ओले राहिले तरी ती कुरकुरत नाही. प्रक्रिया केलेले पाणी रोज फुकट मिळत होते. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत सांडपाणी झाडांच्या मुळांमधून फिरवून शुद्ध करतात, आणि त्या कामासाठी निवडलेल्या झाडांत कर्दळही आहे. म्हणजे जागा आणि झाड यांची पत्रिका जुळत होती.

पुढे जे बिघडले त्यात जागेचा दोष नव्हता. दोष बऱ्याच अंशी माझा होता, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

वाफ्यात तीन ठिकाणची कर्दळ आली. पहिली रोपवाटिकेतून विकत आणलेली वीस रोपे: पानांवर पिवळसर-क्रीम रेघा, नारिंगी फुले. दुसरी तळमजल्यावरच्या काकूंनी साताऱ्याजवळच्या माहेराहून पोत्यात भरून आणलेली, साधी हिरव्या पानांची आणि लहान लाल फुलांची. परसात, विहिरीच्या पाटाला पिढ्यान्‌पिढ्या असते तीच. तिसरी जवळच्या गल्लीतल्या एका बंगल्यातली. बंगला पाडायला निघाला होता. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे जाऊन मोठ्या गुलाबी फुलांच्या कर्दळीचे कंद वाचवून आणले. ‘वाचवून’ हा शब्द तेव्हाचा.

लागवड नीट झाली. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवले, आठ-दहा सेंटिमीटर खोल आणि हात-हात अंतरावर लावले. खाली कुजलेले शेणखत आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड. कर्दळ खादाड असते, केळीसारखीच. आले, हळद, केळ आणि हेलिकोनिया ज्या गणात येतात त्याच गणात तीही आहे, मात्र कुळ तिचे एकटीचे. जुन्या मराठीत कर्दळी म्हणजे केळच. कर्दळीवन हे नाव त्यातूनच आले. त्यामुळे पान बघून कोणी दोघींची गल्लत केली तर भाषेनेही ती आधीच केलेली आहे.

पहिल्या पावसाळ्यात वाफा असा भरला की भिंत दिसेनाशी झाली. गोगलगायींनी थोडी पाने खाल्ली, गुंडाळणाऱ्या अळीने काही पानांच्या सुरळ्या केल्या. माळीमामा रोज सकाळी त्या सुरळ्या उलगडून अळ्या साबणाच्या पाण्यात टाकायचे. पानाला भोके पडली की लोक घाबरतात, पण कर्दळ त्याने मरत नाही. फुलांचा दांडा संपला की तो जमिनीलगत कापायचा. एकदा फुललेला दांडा पुन्हा फुलत नाही, नवे फुटवे कंदातून येतात. हे कापण्याचे काम मामा एकाच कोयतीने, वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करत जायचे. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

जुलै २०२३ मध्ये मला बंगल्यातल्या गुलाबी कर्दळीच्या पानांवर फिकट रेघा दिसल्या. शिरांच्या दिशेने जाणाऱ्या, पिवळसर, काही ठिकाणी तुटक. मला ते देखणे वाटले. शेजारीच रोपवाटिकेतली पट्टेरी होती. दोघींचा संकर झाला असावा, असा माझा तर्क. मी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले: ‘आपल्या वाफ्यात नवी जात तयार झाली आहे!’

हा तर्क किती पोकळ होता ते इथेच सांगतो, कारण हीच समजूत मी नंतर बऱ्याच जणांकडून ऐकली. परागीभवन झाले तर त्याचा परिणाम बीमध्ये होतो, ते बी रुजून येणाऱ्या रोपात दिसतो. आधीपासून उभ्या असलेल्या झाडाच्या पानांना शेजारणीच्या परागाने पट्टे पडत नाहीत. आठवीच्या पुस्तकातले ज्ञान एवढे. पण फोटो सुंदर आला की ज्ञान मागे पडते.

त्या संदेशाला पन्नासेक अंगठे आले आणि अकरा घरांनी कंद मागितले. मामांनी कंद काढले, मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरोघर पोचवले. ‘बागेतले काही दिले की बाग वाढते’ असे माझी आई म्हणायची. कंदाबरोबर काय जाते हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला मात्र विचारता आले असते.

सप्टेंबरमध्ये उलटे नाटक घडले. समितीतल्या एका सदस्याने तक्रार केली की रोपवाटिकेतून आणलेली पट्टेरी कर्दळ रोगट आहे, पिवळी पडली आहे, आपल्याला फसवले. त्यांनी कोणा जाणकाराला फोटो पाठवला होता, आणि त्यानेही ‘व्हायरस वाटतो, काढून टाका’ असे कळवले होते. सभेत पंधरा मिनिटांत ठराव झाला. वीसपैकी अठरा गड्डे उपटून टाकले. उरलेले दोन मामांनी गुपचूप कुंड्यांत लावून पंपाच्या खोलीमागे ठेवले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “रोगी झाड एवढं वाढत नसतं, साहेब. माझ्या डोक्याहून उंच झालंय ते.”

ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अचूक तपासणी होती, आणि ती कोणाच्या कागदावर आली नाही.

त्याच महिन्यात सोसायटीच्या गणपतीत सत्यनारायण होता. केळीचे खुंट वेळेवर मिळाले नाहीत, तेव्हा नेहमीप्रमाणे कर्दळीचे चार दांडे चौरंगाला बांधायचे ठरले. दोन गुलाबीचे, दोन काकूंच्या लाल कर्दळीचे. कोयती तीच, हात तोच.

२०२४ च्या पावसाळ्यात गुलाबी कर्दळ खुजी राहिली. रेघांचे तपकिरी डाग झाले, पाने त्या रेघांवर फाटू लागली. फुले आली ती लहान, आणि गुलाबीवर पांढुरक्या ओघळांची. आम्ही, म्हणजे मुख्यतः मी, ठरवले की ही अन्नद्रव्यांची कमतरता आहे. पुण्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह अडकून बसते, हे खरेच आहे. चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या, लोह आणि जस्ताच्या तीन फवारण्या केल्या. तीन आठवडे थांबलो. काही फरक नाही.

फरक पडणार नव्हताच, आणि पानाने तसे सांगितलेही होते. लोहाच्या कमतरतेत कोवळे पान सबंध फिके पडते आणि शिरा हिरव्या राहतात. आमच्या पानांत पिवळेपणा शिरांच्याच बाजूने धावत होता. शिवाय कमतरता जमिनीत असेल तर ती एकाच ठिकाणाहून आलेल्या झाडांनाच कशी बरोबर ओळखेल? लाल कर्दळ त्याच मातीत हिरवीगार होती. निदान ऑगस्टपर्यंत तरी होती. मग लालमध्येही, गुलाबीला लागून असलेल्या पहिल्या चार गड्ड्यांत, रेघा उमटल्या.

तेव्हा कुठे मी एका कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना बोलावले. त्या आमच्याच भागात राहतात आणि संध्याकाळी फिरायला जाताना आमच्या फाटकावरून जायच्या. दोन वर्षे. मी कधी विचारले नाही एवढेच.

मॅडमनी सोबत काही यंत्र आणले नव्हते. वाफ्याची एक फेरी मारली, गुलाबीचे एक पान तोडून उन्हाकडे धरले आणि विचारले, “पट्टेरी होती ना इथे? ती कुठे गेली?” मी सभेचा ठराव सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. मामा न सांगता पंपाच्या खोलीमागे गेले आणि एक कुंडी उचलून घेऊन आले.

दोन पाने शेजारी-शेजारी उन्हाकडे धरल्यावर जे दिसले ते मला आजही डोळ्यांसमोर आहे. खऱ्या पट्टेरी जातीत मधल्या शिरेपासून कडेपर्यंत रेघा सलग जातात, जणू पट्टी लावून ओढल्या आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, नुकत्या उलगडणाऱ्या सुरळीतसुद्धा, ठेवण तीच. रोगट पानात रेघ मध्येच तुटते, ठिपका होते, पुन्हा सुरू होते. डाव्या बाजूला दाट, उजव्या बाजूला विरळ. एकाच गड्ड्यातल्या दोन फुटव्यांवर वेगळी. आणि कालांतराने पिवळ्याचे तपकिरी होते. पट्टेरी जातीचे पट्टे जून पानातही जळत नाहीत. मामांचा मुद्दा तर होताच: पट्टेरी कर्दळ दणकट उभी होती, आजारी कर्दळ वर्षागणिक बुटकी होत गेली.

“एक पान बघून मीसुद्धा फसेन,” मॅडम म्हणाल्या. “अख्खा गड्डा बघायचा, आणि मागच्या वर्षीचा फोटो असेल तर तोही.” मागच्या वर्षीचे फोटो होते. ‘नवी जात’ म्हणून गटावर टाकलेले.

फुलाचा पुरावा घेताना मात्र जपून राहावे लागते. कर्दळीच्या फुलात आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ते मुळात पुंकेसर असतात, पाकळीसारखे पसरलेले. खऱ्या पाकळ्या मागे अरुंद, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या. त्या पसरट पुंकेसरांवर ठिपके आणि शिंतोडे असणे हा कित्येक जातींचा स्वभावच आहे, पिवळ्यावर लाल ठिपक्यांची कर्दळ तर सगळ्यांनी पाहिली असेल. म्हणून ठिपकेदार फूल म्हणजे रोग नव्हे. एकाच रंगाचे म्हणून माहीत असलेले फूल पुढच्या हंगामात ओघळलेले दिसले, तर शंका घ्यायची. आमची गुलाबी पहिल्या वर्षी सबंध गुलाबी होती.

कर्दळीला पिवळ्या रेघा आणणारे विषाणू एकाहून अधिक आहेत. कॅना यलो मॉटल आणि कॅना यलो स्ट्रीक हे खास तिचे. शिवाय घेवड्यावरचा पिवळा मोझॅक आणि काकडीवरचा मोझॅकही तिला गाठतात. बऱ्याचदा एकाच झाडात दोन-दोन असतात. यातला नेमका कोणता हे प्रयोगशाळेत तपासता येते. आम्ही तपासले नाही, कारण उत्तर काहीही आले तरी उपाय बदलणार नव्हता. झाडातला विषाणू मारणारी फवारणी नाही. गड्डा एकदा बाधला की त्याचा प्रत्येक तुकडा बाधलेला असतो. पसरण्याचा पहिला मार्ग म्हणजे माणूस आणि त्याच्या हातातला कंद. त्यामागून मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आणि काही विषाणूंच्या बाबतीत कापणाऱ्या पात्यावरचा रस. याच वाटेने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत युरोपातल्या कर्दळीच्या संग्रहांची वाताहत झाली होती. बागाईतदारांना साठेच्या साठे नष्ट करावे लागले.

तेव्हा बंगल्यातून ‘वाचवलेली’ कर्दळ बहुधा येतानाच आजारी होती. पहिल्या वर्षी ताजे खत, भरपूर पाणी आणि जोमाची वाढ यांत लक्षणे झाकली गेली असणार. या रोगांची लक्षणे वर्षभर सारखी दिसत नाहीत, त्यामुळे एका चांगल्या हंगामावरून झाडाला निरोगी ठरवता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अख्खा वाफा रिकामा करायचे ठरले. काकू रडवेल्या झाल्या. “अरे, माझी तर दहा-बारा झाडं चांगली आहेत. ती तरी ठेव!” ती चांगली दिसत होती हे खरे. पण त्याच कोयतीने दोन वर्षे कापलेली होती आणि मावा त्यांच्यावरही होता. ठेवली असती तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हीच चर्चा झाली असती. काकूंना मी एवढेच सांगितले की साताऱ्याची मूळ बाग शाबूत आहे, आपण तिथूनच नव्याने सुरू करू, फक्त या वेळी कंद आणायचे नाहीत.

गड्डे काढणे हे कष्टाचे काम निघाले. कर्दळीचा कंद आडवा पसरतो, आणि बोटाएवढा तुकडा राहिला तरी कोंब येतो. काढलेले सगळे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून कचऱ्यात पाठवले; सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकले असते तर तिथेच पुन्हा उगवले असते. नंतर मार्चपर्यंत वाफा मोकळा ठेवला. दर आठवड्याला मामा चुकारीचे कोंब मुळापासून काढत. हे विषाणू नुसत्या मातीत तग धरत नाहीत, त्यांना जिवंत झाड लागते. म्हणून माती बदलायची गरज नव्हती, पण एकही तुकडा राहू देऊन चालणार नव्हते. मोजून ६४ कोंब निघाले, मामांनी पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या.

नवी सुरुवात बियांपासून केली. कर्दळीचे हे रोग बियांतून उतरत नाहीत, हा त्यातला मोठा आधार. साताऱ्याच्या बागेतली लाल कर्दळ काकूंनी स्वतः जाऊन निरखली, पानांचे फोटो पाठवले, मॅडमनी पाहून मान डोलावली, मग शेंगा आल्या. बी काळे, वाटाण्याएवढे आणि दगडासारखे कडक. बंदुकीच्या छऱ्यासारखे दिसते म्हणून इंग्रजीत या झाडाला ‘इंडियन शॉट’ म्हणतात. त्यातला ‘इंडियन’ आणि शास्त्रीय नावातला ‘इंडिका’ दोन्ही फसवे. कर्दळ मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. या बियांचा चिवटपणा काय सांगावा! अर्जेंटिनातल्या एका जुन्या थडग्यात अक्रोडाच्या टरफलात ठेवलेले कर्दळीचे बी मिळाले, कार्बन कालमापनात ते सुमारे ६०० वर्षांचे ठरले, आणि ते रुजले. १९७१ साली त्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला.

आमच्याकडे सहाशे वर्षे थांबायला वेळ नव्हता. प्रत्येक बी पक्कडीत धरून कानशीने एका बाजूला घासायचे, आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबायचे, मग कोमट पाण्यात दिवसभर. काकूंच्या नातवाने एका रविवारी ८० बिया घासल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याची बोटे सुजली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेरलेल्यांपैकी बहुतेक दहा-बारा दिवसांत वर आल्या. न घासता पेरलेल्या दहांपैकी एकच आली, तीही एप्रिलमध्ये. जूनमध्ये रोपे वाफ्यात गेली आणि सप्टेंबरात पहिले लाल फूल आले.

बियांचा मार्ग सगळ्या जातींना चालत नाही. मोठ्या फुलांच्या संकरित जाती एक तर बी धरत नाहीत, नाही तर बियांतून आईसारख्या येत नाहीत. पट्टेरी जातही कंदानेच वाढवावी लागते. मामांनी वाचवलेल्या दोन कुंड्या म्हणूनच वाफ्यात परत घेतलेल्या नाहीत. त्या गच्चीवर, सगळ्यांपासून लांब आहेत. एक छान आहे. दुसरीवर या जानेवारीत तुटक रेघा दिसल्या आणि ती गेली. मूळच्या अठरा गड्ड्यांचे काय झाले असते याचा हिशेब मी करत नाही, पण ठराव मांडणारे सदस्य अधूनमधून करतात.

कामाच्या पद्धतीत बदल एवढाच झाला की मामांच्या कमरेला आता दोन कोयत्या असतात आणि सोबत एक डबा: एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी. एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जाताना कोयती बदलायची, आधीची डब्यात बुडवायची, संध्याकाळी दोन्ही धुऊन तेल लावायचे, नाही तर पाते गंजते. सुरुवातीला मामा वैतागले. आता नवीन माळ्याला तेच दटावतात. सत्यनारायणासाठी कर्दळ द्यायला आमची ना नाही, फक्त दांडे मामा कापून देतात.

सगळ्यांत अवघड भाग अकरा घरांचा होता. मी प्रत्येकाकडे जाऊन सांगितले की मी दिलेली ‘नवी जात’ म्हणजे रोग आहे, कृपया काढून टाका. नऊ जणांनी काढली. एकांनी ती गावी नेऊन विहिरीजवळ लावली होती; त्यांनी भावाला फोन करून काढायला लावली, असे म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र मला चहा पाजला, गॅलरीतली कुंडी दाखवली आणि म्हणाले, “तुम्हीच तर म्हणालात, नवी जात आहे. आता तुम्हीच रोग म्हणता. पुढच्या वर्षी काय म्हणाल?”

उत्तर माझ्याकडे नव्हते. कुंडी अजून तिथेच आहे, वाफ्याच्या बरोबर वर. सकाळी वाफ्याकडे जाताना मी आधी मान वर करून तिची पाने बघतो आणि मग खालच्या कोवळ्या पानांमागे मावा शोधतो.